भांडवलाचं चित्र

मे महिना लागला की आमच्याकडे कूलर माळ्यावरून खाली येतो. यंदाही आला. कूलरवाल्यानं जाळी उघडली, आत हात घालून मूठभर काळं पडलेलं गवत बाहेर काढलं आणि म्हणाला, "अम्मा, ये तो पूरा गल गया. खस डालतूँ, देखो कैसी ठंडी हवा आती." मी म्हटलं, डाल. त्यानं नवा वाळा भरला, पाणी सोडलं, बटण दाबलं आणि घरभर तो वास पसरला. ओल्या वाळ्याचा वास आवडत नाही असं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मलाही आवडतो. पण तो आला की दिवसभर मी घरातल्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत बसते.

कूलरच्या मागे, माळ्याच्या कोपऱ्यात, हिरव्या फ्लॅनेलची एक गुंडाळी होती. सुतळीनं बांधलेली, धुळीनं करडी झालेली. तीही त्यानं खाली टाकली. "ये फेंक दूँ, अम्मा?"

"नक्को," मी म्हटलं.

पुण्याहून तेलुगू मुलखातल्या या शहरात मी आले तेव्हा माझ्या ओळखीचा हा एकच शब्द इथे राहत होता. चिक्कडपल्लीच्या भाजी गल्लीत एक बुरखेवाली बाई भेंडीवाल्याला म्हणाली, "नक्को रे, इत्ते महंगे नक्को," आणि मी पिशवी घेऊन जागच्या जागी उभी राहिले. परक्या गावात माहेरचं कुणी दिसावं तसं मला झालं. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. तिनं मला वेडी समजून पदर सावरावा तसा बुरखा सावरला आणि ती निघून गेली. बाकी सगळं, बसच्या पाट्यांपासून दूधवाल्याच्या बोलण्यापर्यंत, माझ्या डोक्यावरून जात होतं.

ते उदारीकरणाचे दिवस होते. ह्यांना एका नव्या परदेशी कंपनीत नोकरी लागली होती, धुलाई यंत्रं विकणाऱ्या. पगार पुण्यातल्या पगाराच्या दुप्पट, आणि महिन्यातले बावीस-चोवीस दिवस फिरती. विजयवाडा, गुंटूर, राजमंड्री. घरी आले की बॅग उघडायची, कपडे धुवायचे, बॅग भरायची. त्या वेळी आमच्याकडे धुलाई यंत्र नव्हतं, हे सांगायला हवं. मी एका खासगी कॉलेजात इंटरच्या मुलांना कॉमर्स शिकवायला लागले. अकरावी-बारावीला इकडे इंटर म्हणतात. नोकरी पैशासाठी धरली असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण असं की, दिवसभरात कुणाशी तरी चार वाक्यं बोलता यावीत.

तीही बोलता येईनात. मी शिकवणार इंग्रजीत. माझं इंग्रजी पुण्याच्या मराठी माध्यमातून आलेलं. मुलांचं त्याहून कच्चं, कारण निम्मी मुलं दहावीपर्यंत तेलुगू माध्यमातली. मी 'डेबिट' म्हणायचे, ती वहीत 'डेबिट' लिहायची, आणि दोन्हीकडे त्या शब्दाच्या आत काही नसायचं. पहिल्या चाचणीचे पेपर तपासले तेव्हा मला रडूच आलं. मग मला बी.एड.ला शिकलेला फ्लॅनेल बोर्ड आठवला.

आता तो कुणी वापरत नाही, म्हणून सांगते. एका फळीवर लोकरट कापड ताणून बसवायचं. चित्रं कापायची, मागे सँडपेपरच्या पट्ट्या चिकटवायच्या. चित्र कापडावर दाबलं की ते बसतं, आणि ओढलं की निघतं. सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्याकडून मी दोन मीटर हिरवं फ्लॅनेल घेतलं. "बच्चे को झबला सिलाना है क्या, बेहन?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हा आम्हाला मूल नव्हतं, आणि त्याच्या प्रश्नानं मला घरापर्यंत साथ दिली.

चित्रांसाठी मी दर रविवारी आबिड्सला जायची. रविवारी तिथल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं आणि मासिकं विकायला बसतात. त्या वर्षी मासिकांचे कागद एकदम गुळगुळीत झाले होते आणि जाहिराती पानभर. फ्रिज, रंगीत टीव्ही, स्कूटर, स्टीलचं कपाट, पंखे. देशात काय बदलतंय ते मला वर्तमानपत्रातून कळलं नाही एवढं त्या ढिगांतून कळलं. मी उकिडवी बसून मासिकं निवडायची, घरी येऊन कात्री घ्यायची, आणि रविवारची लांबलचक दुपार कापून काढायची. एकटं माणूस कशाकशात रमतं याचं मला आजही हसू येतं. एका फ्रिजच्या कडा कापायला मी अर्धा तास लावला होता.

वर्गात बोर्ड लागला आणि मुलं जागी झाली. डावीकडे, म्हणजे डेबिटच्या बाजूला, पंखा, कपाट, स्कूटर. उजवीकडे ज्यांच्याकडून उधार घेतलं ते व्यापारी: त्यांच्यासाठी मी जाहिरातीतले मिशीवाले पुरुष कापले होते. प्रिन्सिपल सर दोनदा पाहुण्यांना घेऊन आले. मी मनातून सुखावले. फक्त एका गोष्टीचं चित्र मिळेना, ते म्हणजे भांडवलाचं. मालकानं धंद्यात घातलेला पैसा, तो दिसतो कसा? शेवटी एका पांढऱ्या कार्डावर 'कॅपिटल' एवढंच लिहिलं. सगळ्या रंगीत चित्रांत ते एकच कार्ड कोरं दिसायचं.

आणि चित्रं लावताना मी पुटपुटायची. ही माझी सवय. तोंडानं इंग्रजी शिकवत असले तरी हात हिशेब मराठीतच करायचा. डेबिटला आपल्याकडे नावे म्हणतात आणि क्रेडिटला जमा. पंखा डावीकडे दाबताना मी स्वतःशी म्हणायची, "नावे." कपाट: "नावे." दिवसभरात माझ्या तोंडून निघणारं मराठी बहुधा तेवढंच असे. मी ते कुणाला ऐकू जावं म्हणून म्हणत नव्हते. पण पहिल्या बाकावर पद्मा बसायची.

पद्मा पालमूर या दुष्काळी भागातली. आई-वडील बांधकामावर मजुरीला, आज या शहरात तर उद्या त्या. ती सरकारी वसतिगृहात राहून शिकत होती. बारीक अंगाची, तेल चोपडून घट्ट वेणी, आणि कान असे की पंख्याच्या आवाजातही माझं पुटपुटणं टिपावं. मुलींच्या घोळक्यात ती नसायची. मी काही विचारलं की उभी राहून एकच शब्द बोलायची आणि खाली बसायची. आम्ही दोघी एकाच जातीच्या आहोत असं मला तेव्हाही वाटायचं. एकटं माणूस दुसऱ्या एकट्याला लांबून ओळखतं.

मार्चच्या परीक्षेत ती अकाउंट्समध्ये नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास.

इकडे नापास मुलांची पुन्हा परीक्षा होते, तिला सगळे सप्ली म्हणतात. तिच्यासाठी मे महिन्यात रिकाम्या कॉलेजात वर्ग भरवायचे. ते काम कुणालाच नको असतं. मी आपणहून घेतलं, कारण हे त्या महिन्यात घरी फक्त पाच दिवस असणार होते. प्रिन्सिपल सरांनी खूश होऊन स्टाफरूममधला कूलर माझ्या वर्गात ठेवायला सांगितलं. त्यात नवा वाळा भरलेला होता.

पहिल्या दिवशी पाच मुलं आली. आठवड्यानं तीन. एक जण साडीच्या दुकानात कामाला लागला, एकीचं लग्न ठरलं, आणि बाकीचे दोघे कसे गेले ते कळलंच नाही. पंधरा दिवसांनी वर्गात मी, पद्मा आणि कूलर. बाहेर कडुलिंबाच्या पिकल्या लिंबोळ्या पत्र्यावर टपटप पडायच्या. बाकं एकावर एक रचून ठेवलेली. त्या महिन्यातल्या माझ्या सुखाची मला लाज वाटते. मुलगी नापास झाल्यामुळे मला सोबत मिळाली होती.

कारण तिच्यासाठी हा खेळ नव्हता. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मान खाली घालून. सप्लीत पास झाली तर डिग्रीला प्रवेश आणि वसतिगृहातली जागा. नाही झाली तर जागा गेली, मग आईबरोबर बांधकामावर. "अम्मा बोली, एक बार और देख. बस, एक बार." एवढं सांगून तिनं वही उघडली.

मी तिला मार्चच्या पेपरातलाच प्रश्न दिला. तेरीज मांडायची, म्हणजे ट्रायल बॅलन्स. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. तिनं भराभर मांडली. यंत्रं, रोकड, फर्निचर, सगळं बरोबर. आणि भांडवल डावीकडे. बेरीज जमली नाही. पुन्हा दिला, पुन्हा भांडवल डावीकडे. तिसऱ्यांदा मी जरा चिडून विचारलं, "कॅपिटल इधर कायको?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "मीरे चेप्पिन्रु गदा, मेडम." तुम्हीच सांगितलंत ना.

"मी? मैं क्या बोली?"

"नावे."

मला काही उमगेना. मी म्हटलं, नावे म्हणजे डेबिट, पण भांडवल नावे असं मी कधी म्हणाले? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला कोड्यात टाकतेय. मग वसतिगृहात शिकलेल्या तिच्या मोडक्या दखनी हिंदीत म्हणाली, "नावे बोले तो मेरेच. मेरेच चीजां. फॅन नावे, टेबल नावे. मालिक का पैसा भी मालिक काच है ना, मेडम? फिर वो भी नावे."

तेलुगूत 'नावे' म्हणजे 'माझीच'. हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर मी पंखा डावीकडे दाबून म्हणत होते 'नावे', आणि ती ऐकत होती 'माझीच'. आणि गंमत अशी की चित्रं तिची बाजू घेत होती. डावीकडे सगळ्या चकचकीत, हव्याशा वस्तू. ज्या मुलीजवळ पत्र्याची एक पेटी होती, तिनं त्या सगळ्या वस्तूंवर 'माझीच, माझीच' असं ऐकत वर्ष काढलं. उत्तरंही बरोबर येत गेली. चुकलं फक्त ते चित्र नसलेलं कोरं कार्ड.

मी खुर्चीवर बसले. वर्गात पुटपुटायला मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी बोलायला माणूस नाही म्हणून मी भिंतीशी बोलावं तसं बोर्डाशी बोलत होते, आणि माझ्या एकटेपणाची किंमत या पोरीनं पेपरात मोजली होती. मी तिला हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी फक्त "अच्छा" म्हटलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

त्या दिवशी घरी येऊन मी विचार केला. 'नावे' विसर, असं म्हणून भागणार नव्हतं. तो शब्द तिच्या डोक्यात पक्का बसला होता, चित्रांसकट. आणि खरं म्हणजे तो चुकीचाही नव्हता. चुकत होता तो बोलणारा. 'माझीच' कोण म्हणतंय, मालक की दुकान? आमच्या विषयाची पहिलीच शिकवण ती: मालक वेगळा, धंदा वेगळा. पुस्तकात ते एका ओळीत होतं आणि मीही एका ओळीत उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड रिकामा केला. म्हटलं, पद्मा, हे तुझं दुकान. तू पैसे घालून उघडलंयस. आता तू बाहर जाके ठैर.

ती उंबऱ्यापाशी गेली. "और बाहर," मी म्हटलं. ती व्हरांड्यात उन्हात जाऊन उभी राहिली.

"मैं मालिक है, तो मैं बाहर कायकू, मेडम?"

आजही हा प्रश्न मला अधूनमधून ऐकू येतो. घर आपलं, आणि आपण बाहेर का? कूलर घरघरत होता. मी म्हटलं, "कायकू बोले तो, हिसाब दुकान का है. अब दुकान बात करता. सुन." आणि मी पंखा डावीकडे दाबला, आवाज जाड करून म्हटलं, "नावे." कपाट: "नावे." स्कूटर: "नावे." ती हसायला लागली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिचा एक दात पुढे होता.

"आणि ये सब लाने को पैसा किसने दिया?"

"मैं."

"तो दुकान तेरेकू क्या बोलेगा?"

ती उन्हात डोळे बारीक करून विचार करत राहिली. लिंबोळ्या पडत होत्या. मग हळूच म्हणाली, "देना है, बोलेगा. पद्मा को देना है."

"हौ," मी म्हटलं, आणि ते कोरं कार्ड उजवीकडे दाबलं. कार्डावर पेन्सिलनं तिचं नाव लिहिलं. जो घालतो तो आत दिसत नाही. त्याचं नाव तेवढं उजवीकडे राहतं.

त्यानंतर तिची तेरीज एकदाही चुकली नाही. खर्चांचा मात्र घोळ होताच. भाडं, मजुरी या काही दुकानाच्या 'माझ्याच' वस्तू नव्हेत. ते मी सरळ पाठ करून घेतलं. सगळ्याच गोष्टींना चित्र सापडत नाही. शेवटच्या आठवड्यात वाळ्याच्या ओल्या हवेनं सँडपेपर सैल झाला आणि चित्रं गळायला लागली. स्कूटर पडायची, फ्रिज पडायचा, आम्ही दोघी वाकून उचलायचो. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "मेडम, ये कार्ड एक्झाम तक मेरे पास रखूँ?" मी दिलं.

परीक्षा झाल्यावर ती कार्ड परत द्यायला आली, हातात पत्र्याची पेटी घेऊनच. बस होती तिची. पेपर बरा गेला म्हणाली. उभ्याउभ्याच कार्ड दिलं, पायाला हात लावला आणि गेली. कार्डावरचं पेन्सिलीतलं नाव खोडलेलं होतं, आणि मागे, सँडपेपरच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, निळ्या शाईत तेलुगूत एक ओळ होती. मला वाटलं, तिनं स्वतःचं नाव तिच्या अक्षरात लिहिलंय. मी ते गुंडाळीत ठेवलं.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, नुसते नंबर. मी सकाळीच पेपर घेतला आणि बोटानं रांगा उतरत गेले. तिचा नंबर होता. मी त्याच दिवशी सुलतान बाजारात जाऊन तिच्यासाठी ड्रेसचं कापड आणलं, आंबा रंगाचं. ती येईल असं मला वाटलं होतं. जूनभर मी कॉलेजच्या फाटकाकडे बघत होते. ती आली नाही. कुठल्या कॉलेजात गेली, पुढे काय झाली, मला कधीच कळलं नाही. मुलं अशी येऊन सांगत नाहीत, हे मला पुढच्या वर्षांत कळलं. तेव्हा मात्र राग आला होता. कापड दोन वर्षं कपाटात राहिलं, मग भाचीला दिलं. त्याच सुमारास कॉलेजात काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा प्रोजेक्टर आला, तळमजल्यावर कॉम्प्युटरचे वर्ग सुरू झाले, आणि फ्लॅनेल माळ्यावर गेलं.

मी इथेच राहिले. निवृत्तही इथेच झाले. मूल झालं नाही. तेलुगू मी आता भाजी आणि डॉक्टर यांच्यापुरतं बोलते. वाचायला शिकले नाही. ह्यांची फिरती संपून सहा वर्षं झाली. दिवसा घरात माणूस असण्याची सवय मला लागली नाही ती नाहीच, आणि त्यांनाही लागली नसावी. ते हॉलमध्ये टीव्ही बघतात, मी आत असते. भांडण म्हणाल तर काही नाही. बोलायचं राहून गेलंय, आणि आता कुठून सुरू करायचं ते दोघांनाही ठाऊक नाही.

कूलरवाला गेल्यावर मी गुंडाळीची सुतळी सोडली. आत फ्रिज निघाला, मिशीवाले व्यापारी निघाले, रंग उडालेले. आणि ते कार्ड. मी ते उलटं करून खूप वेळ हातात धरलं. मग पहिल्यांदाच एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. ह्यांना तेलुगू वाचता येतं. गुंटूरच्या दुकानदारांच्या पाट्या वाचण्यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली. इतकी वर्षं घरात वाचणारं माणूस होतं आणि मी कधी दाखवलंच नव्हतं.

मी हॉलमध्ये गेले. कूलरचा वारा टीव्हीमागचा पडदा हलवत होता. "हे जरा वाचता का?" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. कार्ड लांब धरलं, जवळ आणलं. पद्माचं नाव इतकं मोठं कसं, असं मला वाटायला लागलं होतं.

"मेडम गारिवि," त्यांनी वाचलं. "म्हणजे... मॅडमची. ही सगळी मॅडमची आहेत, असं." त्यांनी कार्ड उलटलं, पुढचं 'कॅपिटल' पाहिलं, पुन्हा मागे वळवलं. "कोण मॅडम?"

"मी," मी म्हटलं, आणि कार्ड उलटून पद्माच्या खोडलेल्या नावावर बोट ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिमोट उचलून टीव्ही बंद केला, आणि शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून मला बसायला जागा केली.